ठेव म्हणून आलेले शस्त्र

दुरुस्तीला दिलेल्या वस्तूचा मालक बदलत नाही. ती काही दिवस दुसऱ्याच्या ताब्यात राहते, एवढेच. वस्तू पिस्तूल असली की मात्र हे ‘एवढेच’ पुरत नाही. अमेरिकेत एखाद्याने आपले पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या कारागिराकडे पाठवले, तर ते साधारणपणे चार जणांच्या हातांतून जाते: मालक, गावातला परवानाधारक विक्रेता, कुरिअर कंपनी आणि कारागीर. यांतल्या तिघांची त्या पिस्तुलावर मालकी नसते. तरी प्रत्येकाच्या ताब्यात ते काही काळ असते, आणि तेवढ्या काळात त्याच्यामुळे कोणाचाही जीव जाऊ शकतो. मालकी नसताना जबाबदारी किती, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात कधी जाते, हा प्रश्न कुरिअर कंपन्यांच्या कितीतरी आधीचा आहे. भारतीय धर्मशास्त्राने, जैन-बौद्ध आचारविचाराने, ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांनी, ज्यू आणि इस्लामी परंपरांनी तो हाताळला आहे, आणि बहुतेक ठिकाणी उदाहरण शस्त्राचेच घेतले आहे.

आधी आजचा व्यवहार. १९२७ साली अमेरिकी काँग्रेसने अंगावर लपवता येण्याजोगी शस्त्रे, म्हणजे पिस्तुले आणि रिव्हॉल्वर, सामान्य नागरिकाने सरकारी टपालाने पाठवू नयेत असा कायदा केला. परवानाधारक उत्पादक, विक्रेते आणि काही सरकारी अधिकारी यांना सूट ठेवली. ही बंदी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत बसते का, यावर अलीकडे पुन्हा कोर्टकज्जे सुरू झाले आहेत. दुसरा कायदा १९६८ चा. परवाना नसलेल्या दोघा नागरिकांनी राज्याची सीमा ओलांडून आपापसात बंदुकांची देवघेव करायला त्याने मनाई केली. पण दुरुस्तीसाठी परवानाधारक कारागिराकडे शस्त्र पाठवायला मोकळीक ठेवली. कारागिरानेही तेच शस्त्र, किंवा त्याच जातीचे बदली शस्त्र, ज्याच्याकडून आले त्याच्याकडे थेट परत पाठवायला हरकत नाही. मोठ्या खासगी कुरिअर कंपन्या मात्र कायद्याच्या चार पावले पुढे गेल्या आहेत. शस्त्राची पार्सले त्या आता परवानाधारकांकडूनच घेतात, तीही आधी करार करून. म्हणून सामान्य मालकाला जवळच्या विक्रेत्याचे दुकान गाठावे लागते.

पाठवण्याआधीचे पहिले काम पिस्तूल रिकामे करणे. ऐकायला सोपे वाटते, पण त्यातला क्रम चुकला की माणसे जिवानिशी जातात. अर्धस्वयंचलित पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचे आणि मगच स्लाइड मागे खेचायची. मॅगझिन आत असतानाच स्लाइड खेचली, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली वरची गोळी तिच्या जागी जाऊन बसते. त्यानंतर मॅगझिन काढले तरी पिस्तूल भरलेलेच असते. धरणाऱ्याच्या समजुतीत मात्र ते रिकामे झालेले असते. म्हणून स्लाइड मागे अडकवून ठेवायची, चेंबरमध्ये नीट उजेडात पाहायचे, मग बोट घालून चाचपायचे. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर तपासायचे. गोळ्या त्या खोक्यात ठेवायच्याच नाहीत. पार्सल पोचल्यावर कारागीर पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. खोके उघडले की हीच तपासणी तो पहिल्यापासून करतो. यात कोणाचा अपमान नाही. ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्यावर भार, हा या धंद्यातला पहिला पाठ आहे.

शस्त्र हातातून हातात जाण्याच्या या क्षणाकडे इस्लामी परंपरेने बारकाईने पाहिले आहे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा पैगंबर महंमद यांचा निषेध हदीसमध्ये नोंदलेला आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची पाती मुठीत धरावीत, हीही सूचना आहे. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याचा किंवा नेणाऱ्याचा हेतू विचारलेला नाही. तो भला आहे असे गृहीत धरूनच नियम केला आहे, कारण इजा व्हायला वाईट हेतू लागत नाही. म्यानातली तलवार आणि रिकामे चेंबर यांच्यामागचा विचार एकच आहे.

खोक्यात पिस्तुलासोबत एक चिठ्ठी जाते: मालकाचे नाव, पत्ता, फोन, पिस्तुलाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, तक्रार काय आहे आणि काम कोणते करायचे. कारागिराच्या परवान्याची प्रत आधी मागवून घेतात आणि तो परवाना चालू आहे की नाही हे एटीएफ या संघीय खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहतात. मग काम कारागिराच्या नोंदवहीत येते. आलेले शस्त्र पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर वहीत चढवावे लागते: कोणी बनवले, मॉडेल कोणते, अनुक्रमांक काय, जात कोणती, नळीचे माप किती, कोणाकडून आले, कोणत्या तारखेला. गिऱ्हाईक समोर थांबले आणि त्याच दिवशी काम करून शस्त्र परत दिले, तर ही नोंद लागत नाही. एक रात्र जरी ते दुकानात राहिले तरी लागते. परत गेल्याची नोंद सात दिवसांत त्याच ओळीत पुढे होते, म्हणजे वहीच्या एका आडव्या ओळीत त्या शस्त्राचा दुकानातला सगळा मुक्काम वाचता येतो. परवानाधारकाने पाठवलेले शस्त्र वाटेत हरवले किंवा चोरीला गेले, तर कळल्यापासून ४८ तासांच्या आत त्याने एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचे असते.

या सगळ्या व्यवहाराचा सांगाडा धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचे स्वतंत्र प्रकरण आहे. खोक्यात बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे औपनिधिक ठेव. ती आली तशी परत द्यायची. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या टीकेत अन्वाहित नावाचा आणखी एक प्रकार उलगडला आहे: एकाकडे ठेवलेली वस्तू त्याने ‘मालकाला दे’ असे सांगून तिसऱ्याच्या हाती सोपवणे. आजची पार्सलसेवा याच खात्यात पडते. नारदस्मृतीने तर ठेवीचाच नियम कारागिराकडे कामासाठी दिलेल्या वस्तूंनाही लावला आहे. सोनाराकडे गेलेले सोने आणि लोहाराकडे गेलेली तलवार या दृष्टीने ठेवच.

जबाबदारीची वाटणीही स्मृतीत स्पष्ट आहे. ठेव राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी पळवली, तर ठेवून घेणाऱ्याकडून भरपाई मागता येत नाही. मालकाने मागूनही ती दिली नाही आणि मग ती गेली, तर मात्र भरपाई करावी लागते, शिवाय तेवढाच दंड. ठेव स्वतःच्या मर्जीने वापरून तिच्यावर पोट भरणाऱ्याला शिक्षा आहे आणि वस्तू वाढीसकट परत करायची आहे.

शस्त्राच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते, आणि ती कुठे अपुरी पडते हे पाहण्यासारखे आहे. स्मृतिकारांची काळजी मालकाच्या नुकसानीची आहे. दागिना चोरीला गेला तर नुकसान मालकाचे, आणि ते कोणी सोसायचे हाच काय तो वाद. पिस्तूल चोरीला गेले तर मालकाचे चार पैसे जातात, पण खरा धोका अशा माणसाला असतो ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही. स्मृतीत चोर आला की ठेवून घेणारा सुटतो. अमेरिकी नियमात चोर आला की परवानाधारकाचे ४८ तास मोजायला सुरुवात होते. ठेवीच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष धरायची शेकडो वर्षांची सवय आहे. शस्त्र त्यात तिसरा पक्ष आणून बसवते, आणि तो कोण असेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

खोक्याच्या बाहेर काय लिहायचे, हा दिसायला किरकोळ प्रश्नही असाच तिसऱ्या पक्षाशी जोडलेला आहे. आत बंदूक आहे असे लेबल किंवा चिठ्ठी पार्सलच्या बाहेर लावायला कुरिअर कंपनीने सांगू नये, असे अमेरिकी कायदा म्हणतो. लेबल म्हणजे चोराला आमंत्रण. त्याच वेळी, परवाना नसलेल्या व्यक्तीकडे शस्त्र जाणार असेल, म्हणजे दुरुस्तीनंतर थेट मालकाकडे निघाले असेल, तर पाठवणाऱ्याने आत काय आहे हे कुरिअर कंपनीला लेखी कळवायलाच हवे. म्हणजे नेणाऱ्याला माहीत असते, पाहणाऱ्याला नसते. औपनिधिकापेक्षा हा व्यवहार इथे वेगळा होतो: धोक्याची वस्तू नकळत कोणाच्याही हाती द्यायची नाही.

महाभारताच्या विराटपर्वात हाच प्रश्न पांडवांना पडला. अज्ञातवासासाठी विराटनगरीत शिरताना शस्त्रे बरोबर नेली तर लोक घाबरतील, आणि गांडीव तर सगळ्या जगाला माहीत. स्मशानाजवळचे एक शमीचे झाड अर्जुनाने हेरले. पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या, शस्त्रे एकत्र बांधली, नकुलाने झाडावर चढून ती पावसापाण्यापासून सुरक्षित अशा ढोलीत आणि फांद्यांत पक्की केली. शेजारी एक प्रेतही टांगले, म्हणजे दुर्गंधीने कोणी फिरकू नये. वाटेत भेटलेल्या गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, कुळाची रीतच अशी आहे. पुढे बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन राजपुत्र उत्तराला ती गाठोडी काढायला सांगतो, तेव्हा उत्तर प्रेताला शिवायला कचरतो. बेमालूम बंदोबस्त होता, यात शंका नाही. दसऱ्याला महाराष्ट्रात शमीची पूजा होते, तिच्यामागे या शस्त्रांची आठवण आहे. गुराख्यांशी बोललेल्या खोट्याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

प्रत्यंचा उतरवणे आणि चेंबर रिकामे करणे ही एकाच जातीची कृत्ये आहेत. प्रेताचे सोंग आणि कोरे खोके मात्र एका जातीची नव्हेत. एकात खोटे सांगितले जाते, दुसऱ्यात काही सांगितलेच जात नाही. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात असत्य आणि मौन यांच्यात जी रेघ ओढली जाते, ती इथे कायद्याने नेमकी पाळली आहे: कोऱ्या खोक्यावर ‘घरगुती सामान’ असे लिहिणे वेगळे आणि काहीच न लिहिणे वेगळे. पांडवांच्या खोट्याला संकटकाळाचा आधार होता. रोजच्या धंद्याला तो नसतो.

वस्तू सांभाळून नेली, ठेवली, दुरुस्त केली. आता ती परत द्यायची. सगळ्यात अवघड भाग इथे सुरू होतो, आणि तो प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच पुस्तकात मांडला आहे. खरे बोलणे आणि ज्याचे त्याला परत देणे म्हणजे न्याय, असा अर्थ म्हाताऱ्या केफालसच्या बोलण्यातून निघतो. सॉक्रेटिस विचारतो: मित्राने शहाणा असताना तुझ्याकडे शस्त्रे ठेवली आणि वेड लागल्यावर ती परत मागितली, तर द्यायची का? द्यायची नाहीत, हे केफालसला लगेच पटते, आणि वाद मुलाच्या, पोलेमार्कसच्या, गळ्यात घालून तो यज्ञाला निघून जातो. हा संवाद ज्या घरात घडतो ते घर ढाली बनवणाऱ्यांचे होते, हे लक्षात घेतले की प्रश्नाला निराळी धार येते. केफालसचा दुसरा मुलगा लिसियस याने नंतर कोर्टात केलेल्या भाषणात सांगितले आहे की इसवी सनपूर्व ४०४ मध्ये ‘तीस’ हुकूमशहांनी लूट केली तेव्हा या कुटुंबाकडे सातशे ढाली आणि एकशे वीस गुलाम होते; पोलेमार्कसला त्यांनी विष पाजून मारले. शस्त्राची ठेव हे सॉक्रेटिसने हवेतून उचललेले उदाहरण नसावे. यजमानाच्या रोजच्या धंद्यातलेच ते होते.

सिसेरोने ‘दे ऑफिकिइस’ या ग्रंथात हेच उदाहरण घेऊन निकाल दिला: शहाणपणी ठेवलेली तलवार वेडाच्या भरात मागितली तर परत देणे पाप, न देणे कर्तव्य. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यावर एक तत्त्व बसवले. ठेव परत करावी हा नियम बहुतेक वेळा खरा असतो, पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळे प्रसंग नसतात. जिथे नियमाचे अक्षर पाळून नियमाचा हेतूच बुडतो तिथे अक्षर सोडायचे, आणि हे सोडणे न्यायाच्या विरुद्ध नाही, न्यायाचाच भाग आहे.

अमेरिकी कायद्याने हा प्रश्न दोन ठिकाणी दोन वेगळ्या तऱ्हांनी सोडवला आहे. पहिले ठिकाण सावकाराचे दुकान. हडलस्टन नावाच्या माणसाने १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावी आपल्या बायकोच्या तीन रायफली गहाण ठेवल्या, आणि पुढच्या वर्षी सोडवताना, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का या फॉर्मवरच्या प्रश्नाला खोटे उत्तर दिले. गहाणातून सोडवलेली वस्तू ही काही नवी मिळवलेली वस्तू नव्हे, असा त्याचा बचाव होता. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: गहाण सोडवणे हेही शस्त्र मिळवणेच आहे, आणि शस्त्र कोणाच्या हाती पडते यावर लक्ष ठेवणे हा कायद्याचा उद्देश आहे. दुसरे ठिकाण कारागिराचे दुकान. दुरुस्त केलेले शस्त्र ज्याच्याकडून आले त्यालाच परत जात असेल, तर ना फॉर्म लागतो ना पार्श्वभूमीची तपासणी. मालकाऐवजी त्याची बायको किंवा मित्र न्यायला आला, तर मात्र फॉर्म भरावा लागतो.

तर्काच्या कसोटीवर हा फरक डळमळतो. दोन्हीकडे मालकी बदललेली नाही, दोन्हीकडे शस्त्र काही काळ परक्या ताब्यात होते, आणि त्या काळात मालकाचे काय झाले हे दोन्हीकडे सारखेच अज्ञात असते. पिस्तूल दुरुस्तीला गेले असताना मालकाला शिक्षा झालेली असू शकते, त्याच्यावर कौटुंबिक हिंसेबद्दल न्यायालयाचा मनाई हुकूम निघालेला असू शकतो, त्याचे चित्त बिघडलेले असू शकते. दुरुस्तीला सूट आहे ती सोयीसाठी. तिला तत्त्वाचा टेकू शोधू नये. पण या सुटीचा अर्थ जबाबदारीतून सूट असा होत नाही. ज्याला शस्त्र बाळगायला मनाई आहे हे ठाऊक आहे, किंवा तसे मानायला सबळ कारण आहे, अशा कोणाच्याही हाती शस्त्र देऊ नये, हे १९६८ च्या कायद्याचे कलम वेगळे आहे आणि ते नुसत्या विक्रीपुरते लिहिलेले नाही. फॉर्म लागत नाही याचा अर्थ इतकाच की प्रश्न विचारायचा भार आता कागदावरून कारागिराच्या विवेकावर आला. सॉक्रेटिसचा प्रश्न त्याला फोनवरच्या आवाजावरून सोडवावा लागतो.

ठेवून घेणाऱ्याचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न पाश्चात्त्यांनी फारसा विचारला नाही. तो रामायणात सीतेने विचारला आहे. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसवधाचे वचन दिले, तेव्हा अरण्यकांडात सीता त्याला एक जुनी गोष्ट सांगते. एका सत्यनिष्ठ तपस्व्याच्या आश्रमात इंद्र योद्ध्याच्या रूपाने आला आणि आपली तलवार ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळायची म्हणून तपस्वी ती क्षणभरही दूर करीना. कंदमुळे आणायला गेला तरी तलवार बरोबर. रोजच्या त्या संगतीने त्याची बुद्धी हळूहळू क्रूर झाली, तप सुटले आणि तो नरकात गेला. उपदेश करायचा नाही, प्रेमापोटी आठवण करून देते, असे सीता म्हणते. शस्त्र हवे ते राज्यात परतल्यावर, वनात वनाचा धर्म.

धर्मशास्त्राच्या मापाने या तपस्व्यात काहीच खोट नाही. त्याने ठेव हरवली नाही, लपवली नाही, तिच्यावर पोट भरले नाही. उलट तिच्या रक्षणात तो कोणाहीपेक्षा दक्ष होता, आणि त्या दक्षतेनेच त्याचा घात झाला. सीतेच्या गोष्टीतला दोष ठेवण्याच्या पद्धतीत आहे. तपस्व्याने तलवार कमरेला लावली. तिजोरीत ठेवली असती तर कदाचित नरक टळला असता. कारागिराची नोंदवही, कुलूपबंद कपाट, प्रत्येक शस्त्राला लावलेली चिठ्ठी हे सगळे कायद्यासाठी असते हे खरे. पण ठेवून घेणारा आणि ठेव यांच्यात ते एक अंतरही राखते. रामाचे उत्तर निराळ्या वाटेने जाते: ऋषींना शब्द दिला आहे, आणि शब्द न देताही त्यांचे रक्षण करणे भाग होते. सीतेच्या गोष्टीचे खंडन त्यात नाही. शस्त्राची संगत घातक आहे आणि तरीही काही हातांत ते असावे लागते, या दोन्ही गोष्टी वाल्मीकींनी शेजारीशेजारी उभ्या राहू दिल्या आहेत.

दुरुस्ती हे शस्त्राशी सर्वांत जवळचे काम. मोडलेला चाप कारागीर बदलतो, म्हणजे गोळी न झाडू शकणारी वस्तू पुन्हा गोळी झाडणारी करतो. यात त्याचा वाटा किती, याचे सर्वांत सूक्ष्म विश्लेषण जैन आगमांत सापडते. भगवतीसूत्रात हिंसेशी निगडित पाच क्रिया सांगितल्या आहेत: शरीराची, साधनाची, द्वेषाची, पीडा देण्याची आणि प्राण घेण्याची. यांतली साधनाची, म्हणजे आधिकरणिकी क्रिया, पुन्हा दोन प्रकारची: नवे शस्त्र घडवणे आणि तयार भाग एकमेकांना जोडणे. कारागिराचे काम या दुसऱ्या प्रकारात बसते. त्याच ग्रंथात धनुष्याचा प्रसंग आहे. बाण सोडणाऱ्याला तर पाचही क्रिया लागतातच, पण ज्या जीवांच्या शरीरांपासून धनुष्य, दोरी आणि बाण बनले त्यांनाही त्या लागतात. आधुनिक वाचकाला हे टोकाचे वाटेल. त्यामागची भूमिका अशी की ज्याने हिंसेचा त्याग जाणूनबुजून केलेला नाही, तो तिच्यातून आपोआप बाहेर राहत नाही. ‘माझा संबंध नाही’ हे म्हणून भागत नाही, ते व्रत घेऊन सिद्ध करावे लागते.

गृहस्थासाठी मात्र जैन आचार्यांनी पायरी खाली आणली. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निष्कारण पापाचे पाच प्रकार आहेत. त्यांतल्या हिंसादानात परशू, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड अशी साधने दुसऱ्याला देणे येते. हेमचंद्रांनी योगशास्त्रात जीवघेण्या वस्तूंच्या व्यापारात विषाबरोबर शस्त्र तर घातलेच, नांगरही घातला. म्हणजे त्यांची नजर वस्तूच्या नावावर नसून ती वापरल्यावर काय होते यावर होती. आणि तरी श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा, जिच्या पायाशी मराठीतही लेख कोरलेला आहे, तो चामुंडराय गंगांचा सेनापतीच होता. ‘निष्कारण’ हा शब्द गृहस्थधर्मात किती वजन उचलतो ते यावरून कळते. बौद्धांची भूमिका त्या मानाने थोडक्यात आणि सरळ आहे: अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत पहिलाच शस्त्रांचा. दुरुस्तीचा उल्लेख तिथे नाही.

दुरुस्तीचा नाव घेऊन विचार ताल्मुदने केला आहे. ‘अवोदा झारा’ या प्रकरणात मूर्तिपूजक परकीयांना शस्त्रे विकू नयेत, शस्त्रांचे सामान विकू नये आणि त्यांच्या शस्त्रांना धारही लावून देऊ नये, असा नियम आहे. धार लावणाऱ्याला विकणाऱ्याच्या शेजारी बसवले आहे. मी काही तलवार दिली नाही, होती तीच घासून दिली, ही सबब चालत नाही. पुढे बाबिलोनियातल्या रब्बींसमोर प्रश्न आला की पर्शियन लोकांना शस्त्रे कशी काय विकली जातात. राव आशीचे उत्तर असे: ते आपले रक्षण करतात म्हणून. नियम तसाच राहिला, पण गिऱ्हाईक कोण आणि ते शस्त्राचे काय करते, हे पाहणे त्याचाच भाग झाले.

भारतात हा सगळा प्रश्न सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचित येतो, कारण परवान्याची शस्त्रेच मुळात थोडी. महाराष्ट्रात त्याची गाठ पडते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की प्रशासनाच्या आदेशाने परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि कोकणात पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगणारे शेतकरी वानरांच्या आणि रानडुकरांच्या नावाने कुरकुरत पावती घेऊन घरी येतात. एरवी शस्त्राचा ठेवीचा व्यवहार चालतो तो १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. एकविसाव्या कलमाप्रमाणे परवाना संपला किंवा रद्द झाला, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे लागते. ते परत मिळते ते मालक पुन्हा पात्र झाल्यावर, आणि ठरलेल्या मुदतीत ते नेले नाही तर सरकारजमा होऊ शकते. म्हणजे ‘ज्याचे त्याला’ एवढ्यावर इथला कायदा थांबत नाही, ज्याचे त्याला पण तो आज कोण आहे हे पाहून, असे म्हणतो. नववे कलम त्याही पुढे जाते. ज्याला शस्त्र बाळगायला मनाई आहे किंवा जो त्या वेळी विकल चित्ताचा आहे, हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना, त्याला शस्त्र विकणे जसे निषिद्ध आहे तसेच त्याच्यासाठी शस्त्राची दुरुस्ती करणेही निषिद्ध आहे. केफालसने अर्ध्यावर सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर या कलमात आहे, आणि अमेरिकी कायद्याने सोयीसाठी मोकळी ठेवलेली जागाही त्याने भरून काढली आहे.